मोबाईल तापतोय? आधी हे ऐका

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



आज कर्जवसुलीवर बोलणार नाही, हातातल्या मोबाईलवर बोलणार आहे. गटाचा हिशोब, बँकेचा ओटीपी, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, सगळं आता त्याच्यातच असतं ना!

मागच्या उन्हाळ्यात माझा फोन फार हळू चालायचा. पुतण्या म्हणाला, "काकू, द्या इकडे, पळवतो त्याला." दिला. त्यासाठी त्यानं कंपनीचं कुलूप उघडलं आणि आतलं सगळं पुसलं गेलं. वसुलीच्या पावत्यांचे फोटोसुद्धा! फोन पळाला खरा, पण अर्ध्या तासात तव्यासारखा तापायचा. वर बँकेचं ॲपही चालेना. कुलूप तोडलेल्या फोनवर अशी बरीच ॲप सुरक्षेसाठी चालत नाहीत. कागदी वही होती म्हणून हिशोब वाचला.

याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. फोनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. 2 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला 200 कोटी ठोके घेतो. कंपनीनं ठरवल्यापेक्षा ठोके वाढवायचे तर वीजही जास्त द्यावी लागते, आणि उष्णता वाढते. आपल्या गिरणीचंच बघा, मोटर क्षमतेबाहेर पळवली तर काय होतं? कॉम्प्युटरला पंखा असतो, मोबाईलला नाही. म्हणून फार तापला की फोन स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे एवढा खटाटोप करून फोन पुन्हा हळूच! शिवाय उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं, कधी ती फुगते. वॉरंटीही जाऊ शकते.

आयफोन बनवणारी ॲपल कंपनी सांगते, फोन 0 ते 35 अंशांत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-45 वर जातो! मग फोनवर आणखी भार कशाला?

फोन हळू झाला तर नको असलेले व्हिडिओ आणि ॲप काढून टाका, फोन बंद करून परत चालू करा, अपडेट करा.

तापला तर चार्जिंग काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते. चार्जिंगला लावून उशीखाली किंवा चुलीजवळ ठेवू नका.

पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. दुरुस्तीवाल्याकडे द्या. बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत अजिबात टाकायची नाही, पेट घेते.

आणि एक, फोन कितीही चांगला असो, गटाची वही भरायची थांबवू नका. कुणी "फोन पळवून देतो" म्हणालं, तर आधी विचारा, "आतलं पुसलं जाईल का? बँकेचं ॲप चालेल का?" उत्तर नीट मिळालं नाही, तर फोन हातातून सोडू नका.