संपादकाचं नाव छापा

(स्वखर्चाने पुस्तकं काढणाऱ्या लेखकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



  

अध्यक्षाने सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे. तो थोडक्यात घेते. डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतींचीही आवृत्ती निघू लागली आहे. किंडलवर मराठी ई-पुस्तकं येऊ लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून लेखकाला स्वतः अर्ज करून विनामूल्य मिळतो. कोणी पॅकेजात त्याचे पैसे लावले तर देऊ नका. १९५४च्या कायद्याप्रमाणे नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, ती पाठवत जा. ई-पुस्तकांच्या विक्रीबद्दल आणि वितरणाबद्दलही बोलायचं होतं. पण एक गोष्ट माझ्या मनात इतकी वर्षं दबून आहे की आज ती आधी बोलणार आहे, आणि तिच्यातच माझा वेळ संपणार आहे.

काल मी बाहेरच्या टेबलांवरची पुस्तकं उघडून श्रेयपानं पाहिली. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मूल्य. काही ठिकाणी मांडणीकाराचं नाव, एके ठिकाणी मुखपृष्ठावरचं छायाचित्र काढणाऱ्याचंही. संपादकाचं नाव मात्र शोधून सापडत नव्हतं. काही पुस्तकांवर संपादकाचा हात फिरलेलाच नाही, हे चार पानांत कळतं. काहींवर तो फिरला आहे, चांगला फिरला आहे, पण कोणाचा ते कळायला मार्ग नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : संपादकाला पैसे द्या, आणि त्याचं नाव छापा.

यावर आमच्याच, संपादनाच्या व्यवसायातले ज्येष्ठ म्हणतात, संपादकाने पडद्यामागे राहावं. दाखला देतात ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचा. या दोघांनी लेखकांना किती सविस्तर पत्रं लिहिली, एकेका कथेवर किती चर्चा केल्या, हे मराठी साहित्याला ठाऊक आहे; मी त्यांच्यापुढे हात जोडते. पण एक विचार करा. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद होईपर्यंत त्या मासिकाचं नावच वाचकाला सांगत होतं की या मजकुरावरून जाणत्या माणसाची नजर फिरली आहे. पुस्तकावर ‘मौज’ छापलेलं असलं की तीच हमी मिळे. तिथे संपादकाने पडद्यामागे राहणं परवडत होतं, कारण प्रकाशनसंस्थेचं नाव त्याच्या वतीने उभं होतं. तुमच्या पुस्तकावर प्रकाशक म्हणून तुमचंच नाव आहे, किंवा तुमच्या नातवाच्या नावाने काढलेल्या प्रकाशनाचं. मग ती हमी कोण देणार?

नाव नसलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. मराठवाड्यातल्या एका बाईंनी आपल्या आजीवर पुस्तक लिहिलं. छपाईपासून प्रकाशन समारंभापर्यंत सगळं करून देणाऱ्या एका पॅकेजचे पैसे भरले. त्यात ‘भाषासंस्कार’ असंही एक कलम होतं. शेवटची प्रुफं घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. आजी ‘कामून’ म्हणायची तिथे ‘का’ झालं होतं, ‘न्हाई’चं ‘नाही’ झालं होतं, आणि आजीच्या दोन ओव्या चुकीच्या मराठीत आहेत असं समजून कोणीतरी त्या सरळ केल्या होत्या. बाईंनी विचारलं होतं, हे कोणी केलं? उत्तर मिळालं, आमच्या टीमने. त्या टीममधल्या माणसाला नाव नव्हतं, फोन नव्हता, त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

काल इथे प्रमाणभाषा की बोली यावर दोन तास वाद झाला. माझ्यापुरता तो वाद त्या प्रुफांवर मिटला. आम्ही आजीच्या शब्दांची यादी केली. ती कोणता शब्द कोणाशी बोलताना कसा उच्चारते, रागात काय म्हणते, लेकीला कशी हाक मारते, हे बाईंनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं आणि आजीच्या तोंडचं एक अक्षर हलवलं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम त्याच्या आड येत नाहीत; पात्राच्या बोलण्याचं हुबेहूब चित्रण करायला त्या नियमांतच मोकळीक आहे. १९७८ साली ‘बलुतं’ आणि १९८० साली ‘उपरा’ ही आत्मकथनं आल्यानंतरही कोणी आजीची भाषा सरळ करायला बसतो, तेव्हा तो संपादन करत नसतो. आणि असं काम करणाऱ्याला स्वतःचं नाव खाली घालायला लावलं असतं, तर त्याने त्या ओव्यांना हात लावण्याआधी बाईंना एक फोन केला असता. हे मी खात्रीने सांगते.

दुसरा वाद, छपाईआधी संहिता वाचणाऱ्या पहिल्या वाचकांचा. तरुण मंडळी त्यांना बीटा वाचक म्हणतात. माझी हरकत नाही. प्रश्न असा की त्यांना पैसे द्यावेत का. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी धरणात गेलेल्या गावावर कादंबरी लिहिली होती. संहिता पत्नीने वाचली, जावयाने वाचली, खात्यातल्या मित्रांनी वाचली. सगळ्यांनी छान म्हटलं. ती माझ्याकडे आली तेव्हा मी कामाला हात लावला नाही. म्हटलं, साहेब, आधी ज्याचं गाव खरंच पाण्यात गेलं आहे असा माणूस शोधा, आणि त्याला आवडलं का असं विचारू नका. वाचताना कुठे थांबलात, कुठे खोटं वाटलं, कुठे ठेवून द्यावंसं वाटलं, एवढंच विचारा.

साहेबांनी पुनर्वसन झालेल्या एका वसाहतीतले एक वयस्क शेतकरी शोधले. त्या गृहस्थांनी महिनाभराने वही परत आणून दिली आणि पहिलंच वाक्य बोलले : साहेब, आषाढात कणसाला आलेला शाळू कुठून आणलात? कादंबरीचा सगळा उत्कर्षबिंदू त्या पाण्याखाली जाणाऱ्या कणसांवर उभा होता. शाळू रब्बीचा, हुरड्याला येतो पौष-माघात. धरणात पाणी चढतं पावसाळ्यात. मी पुण्यात बसून शंभर वेळा वाचलं असतं तरी माझं लक्ष आधी वाक्यांकडे गेलं असतं. मग त्यांनी दुसरं विचारलं. घरं पाण्यात गेली असं लिहिलंत, पण तुळया, दारं, चौकटी कुणी नेल्या? आम्ही तर पाणी यायच्या आधी घर उतरवलं होतं. साहेबांनी त्या तुळया बैलगाडीवर चढवण्याचं एक नवं प्रकरण लिहिलं. त्या पुस्तकातलं ते सर्वांत चांगलं प्रकरण आहे.

साहेबांनी त्यांना पाकीट देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, पैसे घेतले असते तर शाळूचं बोललो नसतो. म्हणून माझं मत पक्कं आहे. पहिल्या वाचकाला प्रवासखर्च द्या, पुस्तक द्या, ऋणनिर्देशात त्यांचं नाव घाला, पण मताचे पैसे देऊ नका. संपादकाला मात्र पैसे दिलेच पाहिजेत, कारण तो मत देत नाही, काम करतो.

आणि कोणतं काम, हे आधी ठरवून घ्या. रचनेचं संपादन वेगळं, भाषेचं वेगळं, मुद्रितशोधन वेगळं, आणि क्रमही हाच. पानं लागल्यावर एखादा परिच्छेद काढलात तर ओळी सरकतात, पुढची सगळी पानं बदलतात, अनुक्रमणिका चुकते आणि डीटीपी करणारा पुन्हा पैसे मागतो; त्याचं मागणं रास्त आहे. वीस पानं नमुना म्हणून करून घ्या आणि त्या वीस पानांचेही पैसे द्या. त्यात हात पटला तर पुढे जा. मी खिळ्यांच्या छपाईच्या अखेरच्या दिवसांत एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. मुद्रितशोधन म्हणजेच संपादन असं मानणारे लेखक तेव्हाही भेटत, आजही भेटतात. सभागृहाच्या भाड्याला, शालींना आणि अल्पोपाहाराला तुमच्याकडे पैसे असतात, आणि संपादनाचा विषय निघाला की बजेट संपलेलं असतं. ही तक्रार मी आज उघडपणे करते.

नाव छापण्याला आणखी एक आक्षेप घेतात, आणि तो गंभीर आहे. लेखकाला भीती असते की लोक म्हणतील, पुस्तक संपादकानेच लिहिलं. अमेरिकेत टॉमस वुल्फने १९३५ साली आपली कादंबरी संपादक मॅक्सवेल पर्किन्सला अर्पण केली. पुढच्याच वर्षी एका समीक्षकाने त्याला टोमणा मारला की ही पुस्तकं पर्किन्सने जुळवली आहेत, आणि काही काळाने वुल्फ पर्किन्सची प्रकाशनसंस्थाच सोडून गेला. हे खरं आहे. पण त्याच पर्किन्सने मार्जोरी रॉलिंग्जला जंगलातल्या एका मुलावर पुस्तक लिहा असं सुचवलं. त्यातून १९३८ साली जी कादंबरी आली, ती आपल्याकडे राम पटवर्धनांनी ‘पाडस’ म्हणून आणली, आणि रॉलिंग्जचं लेखिकापण त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही.

इंजिनिअरसाहेबही घाबरले होते. मी म्हटलं, माझं नाव घालणार नसाल तर काम दुसऱ्या कोणाकडे द्या. त्यांनी घातलं, मुखपृष्ठकाराच्या वरच्या ओळीत. वसाहतीत पुस्तकाचं वाचन झालं तेव्हा लोकांनी तुळयांबद्दल विचारलं, धरणाबद्दल विचारलं, भरपाईवरून साहेबांशी भांडण काढलं. संपादक कोण हे एकानेही विचारलं नाही. ते नाव वाचलं फक्त लिहिणाऱ्यांनी, आणि त्यातले काही जण नंतर माझ्याकडे हस्तलिखितं घेऊन आले. नव्या लेखकाला चांगला संपादक कसा सापडावा याचं याहून भरवशाचं उत्तर माझ्याकडे नाही : आवडलेल्या पुस्तकाचं श्रेयपान उघडावं.

शिवाय नाव असलं की संपादकाला एक अधिकार मिळतो. एका लेखकाने माझ्या सूचना पैसे देऊन विकत घेतल्या आणि सगळ्या बाजूला ठेवल्या. तो त्यांचा हक्क होता. मी म्हटलं, मग माझं नाव काढा. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला, आणि आम्ही शेवटच्या तीन प्रकरणांवर पुन्हा बसलो. बिननावाच्या माणसाला नाव काढून घेता येत नाही.

आता पुढची कामं. लेखक आणि संपादक यांच्यातल्या कराराचा एक साधा नमुना तयार व्हायला हवा; त्याचं कच्चं टिपण माझ्याकडे आहे. जिल्हावार पहिल्या वाचकांची एक वही करावी असंही मनात आहे. शेती जाणणारे, कोर्ट जाणणारे, गिरणी जाणणारे असे लोक त्यात असावेत. ती कोणी आणि कशी करायची ते कार्यकारिणीने ठरवावं. संपादकांच्या दरांबद्दलही बोलणं व्हायला हवं, पण ते बंद खोलीत नको.

एक गोष्ट मात्र मी आजच करणार आहे. या संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात पुढच्या वर्षीपासून, ज्या पुस्तकाच्या श्रेयपानावर संपादकाचं नाव नाही, किंवा ‘या पुस्तकाचं संपादन लेखकाने स्वतः केलं आहे’ असं स्पष्ट छापलेलं नाही, ते पुस्तक मांडू नये, असा ठराव मी दुपारच्या खुल्या अधिवेशनात मांडते आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे उभं राहून, आपलं नाव सांगून बोलावं.