शौचावाटे रक्त : मूळव्याध समजून स्वस्थ राहू नका
(आरोग्यविषयक भाषण)



मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये तिसरा आहे. भारतासह उष्ण कटिबंधातील बहुतेक देशांत मात्र त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. युगांडात दीर्घकाळ सेवा केलेले शल्यचिकित्सक डॉ. डेनिस बर्किट यांनी १९७१ साली या फरकाचा संबंध आहाराशी जोडला. कोंड्यासहित धान्य आणि चोथायुक्त अन्न आफ्रिकेतील ग्रामीण जनतेचे रक्षण करते, असे त्यांचे मत होते.

हे संरक्षण जन्मजात नसते. पाश्चात्त्य देशांत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत हा रोग मायदेशापेक्षा अधिक आढळतो. राहणी बदलली की धोकाही बदलतो, आणि आपल्या शहरांतील राहणी झपाट्याने बदलत आहे.

प्रमाण कमी असल्यामुळे आणखी एक संकट उभे राहते. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध, शेम पडली की आव, अंगातले रक्त कमी झाले की जंत, असे निदान आपण घरच्या घरी करतो. उष्ण हवेच्या देशात ते अनेकदा खरेही ठरते. परंतु ज्याच्या बाबतीत ते चुकते, त्याचे कित्येक महिने मलमे आणि चूर्णे यांत निघून जातात. भारतात पन्नाशीच्या आतील रुग्णांचा वाटाही पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा आहे. म्हणून ‘अजून वय झालेले नाही’ हा दिलासा पुरेसा नाही.

पुढील लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे :

• शौचावाटे रक्त किंवा शेम पडणे
• शौचाची नेहमीची सवय बदलणे. पोट साफ न झाल्याची भावना राहणे
• कारणाविना वजन घटणे, थकवा येणे किंवा हिमोग्लोबिन कमी होणे

रक्तस्राव जास्त असल्यास थांबू नये. गुदाशयातील गाठ पुष्कळदा डॉक्टरांना बोटाने तपासूनच कळते. या तपासणीला काही क्षण लागतात. तिची लाज बाळगू नये. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर लक्षणे नसतानाही डॉक्टरांना तसे सांगावे.

हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहानशा कोंबापासून सुरू होतो. कोंबाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत दुर्बिणीने तपासून कोंब काढून टाकता येतो.

राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी केली जाते. आतड्याच्या कर्करोगाची तशी सरसकट तपासणी होत नाही. म्हणून लक्षण ओळखण्याची जबाबदारी प्रथम घराची आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, भाज्या व फळे ताटात ठेवा. तंबाखू व मद्य वर्ज्य करा. आणि घरातील कोणी संकोचाने रक्त पडल्याचे सांगितले, तर त्याला धीर देऊन दवाखान्यात घेऊन जा.