बंपरच्या आत काय असतं?

गाडीचा बंपर म्हणून आपल्याला दिसतं ते नुसतं प्लास्टिकचं आवरण. खरं काम त्याच्या मागे चालतं. आधी फोमचा थर, मग आडवी तुळई, आणि तुळई व चॅसी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना धातूची एकेक पोकळ पेटी. तिला क्रॅश बॉक्स म्हणतात. धडक बसली की ती हार्मोनियमच्या भात्यासारखी घडीवर घडी पडत चेपते. घड्या नीट पडाव्यात म्हणून तिच्यावर बहुधा आधीच खाचा पाडलेल्या असतात. धातू चेपण्यात जेवढी ऊर्जा खर्ची पडते, तेवढी आतल्या माणसांपर्यंत पोचत नाही. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते!

मग जाडजूड लोखंडच का नको? एक तर वजन वाढून इंधन जास्त लागतं, आणि न चेपणारा धातू धक्का जसाच्या तसा आत पाठवतो. म्हणून तुळईला पातळ पण उच्च ताकदीचं पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरतात.

बंपरच्या पुढे हौसेने लावलेला लोखंडी बुल बार ही सगळी रचना निकामी करू शकतो. तो थेट चॅसीला जोडलेला असला, तर धक्का क्रॅश बॉक्सला चुकवून जातो, एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते. पादचाऱ्याला तर तो फारच घातक. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले. तुमच्या गाडीला असेल, तर कृपा करून काढून घ्या.