कान्होबांच्या वाट्याचे कागद

माउली, तुकोबांनी सावकारीचे कर्जरोखे इंद्रायणीत सोडले, हे आपण सगळे जाणता. पण सगळे सोडले का हो? नाही! निम्मे धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या हाती दिले. त्याच्या घरची चूल त्यावर होती ना! तुकोबा उदार झाले ते स्वतःच्या वाट्यापुरते.

आता पेणला या. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, २०१४ साली परवाना गेला. बोगस कर्जखात्यांतून पैसा बाहेर गेला, असा आरोप. लाखाहून जास्त ठेवीदार अडकले. गणपती घडवणाऱ्या गावातला पैसा तो! कुणाचे औषधपाणी, कुणाच्या लेकीचे लग्न. अहो, संचालक म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हातातला एकूण एक कागद कान्होबांचा. तुकोबांचा एकही नाही!

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख लहानपणी आपल्या रोह्यातच वाढले, बरं का. आणि आपण? वारीला पंधरा-वीस दिवस चालतो, पतपेढीच्या वार्षिक सभेला मात्र चहापुरते जातो. यंदा तासभर बसा. ताळेबंद मागा. कर्जे कुणाकुणाला दिली, एवढे उभे राहून विचारा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!