रक्ताच्या अहवालातील एक आकडा

(संस्थेच्या कन्याशाळेतील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी मुलींच्या अभ्यासाविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. अध्यक्षांच्या परवानगीने मी मुलींच्या आयांविषयी बोलणार आहे. विषय आहे अंडाशयाचा कर्करोग आणि त्यासाठी होणारी रक्ततपासणी. पुरुष शिक्षकाने हा विषय काढावा याचा काहींना संकोच वाटेल. मलाही वाटतो. परंतु आपल्या घरांत बाईला डॉक्टरकडे केव्हा न्यायचे हे बहुधा पुरुषच ठरवतात. तेव्हा ऐकण्याची जबाबदारीही त्यांची आहे. मी डॉक्टर नाही. घरात घडलेल्या दोन गोष्टींमुळे मी हा विषय जाणकारांकडून समजून घेतला, तो आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट माझ्या आपाची. वय ३८. सवलतीच्या दरात 'संपूर्ण शरीर तपासणी' होते म्हणून तिने रक्त दिले. अहवालात 'सीए-१२५' या नावापुढे ९६ हा आकडा ठळक छापलेला होता आणि शेजारी 'सर्वसाधारण मर्यादा ३५'. ही कॅन्सरची तपासणी आहे, असे कोणीतरी सांगितले. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. दुल्हेभाईंनी दागिने मोडण्याचा हिशेब मांडला. तीन आठवड्यांनी, सोनोग्राफी आणि इतर तपासण्या झाल्यावर, डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हा कर्करोग नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एक विकार असतो, तो आपाला होता. पाळीच्या वेळी वर्षानुवर्षे ती ज्या वेदना मुकाट्याने सोसत होती, त्यांचे कारणही तेच.

दुसरी गोष्ट माझ्या खालाची. वय ५८. पोट फुगते, दोन घासांत भरल्यासारखे होते, लघवीला सारखे जावे लागते, अशी तिची तक्रार होती. चार महिने आम्ही ओवा आणि गॅसच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मीच आणून देत असे. पोटात पाणी झाले तेव्हा रुग्णालय गाठले, पण रोग पोटभर पसरला होता. दीड वर्षाने खाला गेली.

एकीची तपासणी गरज नसताना झाली, दुसरीची गरज असताना झाली नाही. असे का होते, ते आता पाहू.

अंडाशये ओटीपोटात खोलवर असतात. तिथे लहानशी गाठ झाली तर हाताला लागत नाही, दुखतही नाही. रोग पहिल्या अवस्थेत सापडला तर दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. परंतु बहुतेकींचा रोग पसरल्यावरच सापडतो. म्हणून रक्तातून तो आधीच ओळखता यावा, ही शास्त्रज्ञांची जुनी इच्छा. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले. अनेक नमुन्यांपैकी १२५ व्या क्रमांकाचा नमुना कामाचा ठरला, म्हणून ते नाव. १९८३ साली या गटाने रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांच्या रक्तात हा घटक ३५ च्या वर होता. ८८८ निरोगी व्यक्तींमध्ये तो फक्त एक टक्का जणांत वाढलेला आढळला.

ऐकायला हा निकाल उत्तम वाटतो. पण आता वर्गात मांडतो तसे गणित मांडू. पाश्चात्त्य देशांत पाळी गेलेल्या सुमारे २५०० स्त्रियांमागे एकीला हा रोग असतो, असे धरतात. म्हणजे १०,००० स्त्रिया तपासल्या तर रोगी चार. आणि निरोगी असूनही आकडा वाढलेल्या, एक टक्क्याप्रमाणे, शंभर! त्या शंभर घरांत त्या रात्री कोणी जेवणार नाही. शिवाय त्या चौघींपैकी एखादी सुटूनही जाईल, कारण रोग पहिल्या अवस्थेत असताना सुमारे निम्म्या रुग्णांतच हा आकडा वाढलेला असतो. जिथे तपासणी सर्वांत उपयोगी पडायला हवी, तिथेच ती कमी पडते.

हा आकडा वाढण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. मासिक पाळी, गरोदरपण, गर्भाशयातील साध्या गाठी, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, यकृताचे विकार. आपल्या देशात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे, ते म्हणजे पोटातील क्षयरोग. त्यातही पोटात पाणी होते, आकडा वाढतो आणि चित्र थेट कर्करोगासारखे दिसते. तो रोग औषधांनी बरा होतो.

निरोगी स्त्रियांची दरवर्षी तपासणी केली तर मृत्यू टळतात का, हे मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिले गेले. अमेरिकेतील ७८,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचा निकाल २०११ साली आला. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट, रोग नसताना तपासणीत संशय आल्यामुळे १०८० स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील सुमारे १५ टक्के स्त्रियांना गंभीर त्रास झाला. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथे एका गटात एकच आकडा न पाहता तो वर्षागणिक कसा चढतो हे पाहिले. त्या गटात काहींचा रोग लवकर सापडलाही. तरी २०२१ साली अंतिम निकाल आला तेव्हा मृत्यूंची संख्या घटलेली दिसली नाही. म्हणून तक्रार नसलेल्या, घराण्यात हा रोग नसलेल्या स्त्रीने ही तपासणी हौसेने करू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. रोगाचे निदान झालेल्या स्त्रीला उपचार लागू पडत आहेत की नाही, हे तिच्यावरून कळते. आणि तक्रार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ती चांगली सुरुवात आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली डॉक्टरांना सूचना देण्यात आली की स्त्रीला, विशेषतः पन्नाशीनंतर, पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवी होणे अशा तक्रारी सतत, महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असतील, तर हे रक्त तपासावे. आकडा ३५ किंवा त्याहून जास्त आला तर सोनोग्राफी करावी. आकडा ठीक आला पण तक्रार राहिली, तर तिला पुन्हा बोलवावे. माझ्या खालाची तक्रार शब्दशः हीच होती.

दोन गोष्टी विशेष सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 'पॅप' तपासणी होते, तिच्यात अंडाशयाच्या रोगाची खात्री होत नाही. दुसरी गोष्ट, ज्या घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग एकाहून अधिक जणींना झाला आहे, त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. १९९४ आणि १९९५ साली 'बीआरसीए' नावाच्या दोन जनुकांचा शोध लागला. त्यांतील दोष मुलीला आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. म्हणून मुलीच्या फुफीला आणि दादीला काय आजार होता, हेही डॉक्टरांना सांगा.

माता-भगिनींनो, आपल्या मुली प्रगतिपुस्तक घरी आणतात तेव्हा आपण एकाच विषयाचे गुण पाहून मुलीची पारख करत नाही. रक्ताच्या अहवालाचेही तसेच आहे. तो आकडा डॉक्टरांकडे न्या, घरी बसून त्यावर निकाल देऊ नका. आणि तीन आठवडे पोट फुगलेले राहिले तर संकोच सोडून बोला. बंधूंनो, तिने सांगितले की गोळी आणायला धावू नका. आधी विचारा, हे कधीपासून होते आहे? मी खालाला हा प्रश्न चार महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.