पुसण्यापूर्वी पाहावे



युनियनच्या माणसाने संगणकावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण चुका करीत झाले. त्यांतली एक चूक आज सांगावयाची आहे.

आमच्या कचेरीतील जुन्या संगणकावर लिनक्स आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहावयास घेतला. त्याला दाम पडत नाही, म्हणून आम्ही ते घेतले. त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून कामे होतात.

एके दिवशी डिस्क भरली. नव्या पावत्यांची नोंद होईना. अशा वेळी 'डीएफ', मग जागा सोडून आडवी रेघ आणि 'एच' असे लिहावे; किती जागा उरली ते कळते. 'डीयू', आडवी रेघ, 'एसएच' आणि शेवटी तारा लिहिला, की कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दिसते. जागा खाल्ली होती जुन्या नकलांनी. त्यांच्या नावांच्या शेवटी टिंब आणि 'बॅक' असे. पुसण्याची आज्ञा 'आरएम'. तिच्यापुढे तारा आणि त्याला जोडूनच टिंब-बॅक लिहावयाचे. आमच्या हातून ताऱ्यानंतर एक जागा मोकळी सुटली. नुसता तारा म्हणजे 'सर्व'! यंत्राने त्या फोल्डरातील सर्व फायली मुकाट्याने पुसल्या आणि वर 'टिंब-बॅक नावाची फाईल सापडत नाही' अशी तक्रार केली. आरएमने गेलेले कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, ते गेलेच.

त्यांत सभासदांची वर्गणीवही होती. कामावरून काढलेल्या एका सोबत्याच्या सभासदत्वाची नोंद तिच्यातच होती. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून ती वही आम्ही पुन्हा लिहून काढली.

तेव्हापासून आमचा नियम असा. आरएमऐवजी आधी 'एलएस' लिहावे, पुढचे सारे तसेच ठेवावे. जी यादी दिसेल, तेवढेच जाणार. ती नीट वाचावी. मग वरच्या बाणाची कळ दाबली की तीच आज्ञा परत येते. एलएसच्या जागी आरएम घालावे. त्यापुढे आडवी रेघ आणि 'आय' लिहिले, तर यंत्र प्रत्येक फाईल विचारून पुसते. शंका आली, तर 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचे नाव द्यावे. तिची माहिती पडद्यावर येते.

संप पुकारण्यापूर्वी आम्ही द्वारसभा घेतो, हात मोजतो. यंत्राला हुकूम देतानाही तेच करावे, एवढेच आमचे सांगणे.