कुरवंजीच्या शक्तीला म्हणायचं काय?



सुपरहीरोंच्या चाहत्यांमध्ये एक भांडण कधीच मिटत नाही. अमक्याची शक्ती नेमकी कोणती, आणि तिला नाव काय द्यायचं? तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना ओरत्तनाडु लागतं. तिथे आम्ही काही चित्रकथावेडे एक चित्रकथा रचतोय आणि याच भांडणावर अडकलोय. आमची नायिका आहे कुरवंजी.

कुरवंजी म्हणजे डोंगरातली, टोपली घेऊन फिरणारी, भविष्य सांगणारी बाई. तमिळमध्ये तिच्या नावाचा एक नाट्यप्रकारच आहे. नायिका प्रेमात झुरत असते, ही येते, तिचा हात बघते आणि मनातल्या पुरुषाचं नाव सांगते. या सांगण्याला तमिळमध्ये ‘कुरि’ म्हणतात. तंजावरच्या मोठ्या देवळात जी ‘सरबेंद्र भूपाल कुरवंजी’ होत असे, तिचा नायक तर आपले सरफोजीराजे दुसरे. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२.

पण राजांनी स्वतःच्या नावावर मराठीत जी ‘देवेंद्र कुरवंजी’ केली, तिच्यात एक गंमत आहे. इथली कुरवंजी पृथ्वीचा भूगोल सांगते. देश, खंड, सगळं गाऊन! श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजाने भविष्यवालीच्या तोंडी भूगोल घातला. बाई तीच. मग शक्तीही तीच का? इथून आमचं भांडण सुरू होतं.

पहिला पक्ष म्हणाला, ही ‘दिव्यदृष्टी’. संजयासारखी. दुसरा म्हणाला, संजयाला दृष्टी व्यासांनी दिली, ती युद्धापुरती होती. हिला कुणी काय दिलं? तिसऱ्याने ‘सिद्धी’ सुचवली. तमिळ मुलखात सिद्धांची परंपरा मोठी, त्यामुळे हा शब्द घरचाच. पण सिद्धींची तरी व्याख्या कुठे पक्की आहे? योगसूत्रांत नुसतं ‘अणिमा वगैरे’ असं येतं. व्यासभाष्यात आठ नावं येतात, त्यांत ‘गरिमा’ नाही, ‘यत्रकामावसायित्व’ आहे. पुढच्या प्रचलित यादीत मात्र गरिमा आली. म्हणजे यादीवरची ओढाताण आपल्याआधीपासूनची आहे.

मग मी एक तोडगा मांडला. नाव नंतर ठरवू, आधी तीन प्रश्न विचारू. शक्ती आली कुठून? ती काय करू शकत नाही? आणि तिची किंमत काय?

मराठीत या प्रश्नांची उत्तरं शब्दातच दडलेली असतात. ‘वर’ म्हटला की देणारा आला आणि अट आली. हिरण्यकशिपू त्या अटींच्या फटीतच मेला. ‘सिद्धी’ म्हटली की साधना आली. ‘अंगात आलं’ म्हटलं की शक्ती त्या माणसाची नव्हेच, तो फक्त झाड. आणि ‘विद्या’ म्हटली की शिकणं आलं, विसरणं आलं, शिकवणंही आलं. देवयानीने कचाला शाप दिला की तुझी संजीवनी तुला फळणार नाही. तो म्हणाला, ठीक, मी जिला-ज्याला शिकवीन त्यांना फळेल. वर असा पुढे देता येत नाही.

सिनेमांनाही हे तीन प्रश्न लावून बघा. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधली शक्ती घड्याळाची आहे, माणसाची नाही. आणि लाल प्रकाशात ती उघडी पडते. त्या लाल प्रकाशामुळेच गोष्टीत जीव आला. तमिळ ‘मावीरन’ (२०२३) मध्ये भित्र्या चित्रकथाकाराला एक आवाज ऐकू येतो. आवाज पुढचं सांगतो, पण लढण्याचं धैर्य कुणाचं, हा वाद उरतोच.

आता कुरवंजी. पारंपरिक खेळात ती देवीला आळवते आणि मग सांगते. श्रेय देवीचं. बाई भटकी, गरीब, टोपलीवाली. तिला स्वतःला काही येत असेल, असं कुणी धरतच नाही. भूगोल सांगणारी कुरवंजी मात्र वेगळी. खंडांची नावं अंगात येत नाहीत. ती कुठून तरी ऐकावी लागतात, लक्षात ठेवावी लागतात. मी म्हणालो, ही विद्या.

लगेच आमच्यातली सर्वांत धाकटी उसळली. “जे शिकता येतं, ती सुपरपॉवर कसली? मग आमची भूगोलाची बाईपण सुपरहीरो!”

हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर ओरत्तनाडूतच उभं आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी छत्रं बांधली. त्यांतलं इथलं मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांचं, आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाचं. तिथे फक्त जेवण मिळत नव्हतं. औषधोपचार होते आणि फुकट शाळा होती. म्हणजे एकच राजा नाटकात टोपलीवालीला भूगोल देत होता आणि छत्रात परक्याच्या पोरालाही अक्षर देत होता. जगाचा नकाशा ज्या काळी मोजक्यांच्याच हाती होता, त्या काळी तो गाऊन दाखवणारी बाई ही महाशक्तीच. आज ती शक्ती शाळेत मिळते, म्हणून ती लहान होत नाही. ती वाटली गेली, एवढंच.

एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. ‘विद्या’ हे नाव दिलं तर तिचा स्वतःचा शब्द जातो. कुरवर समाजाची माणसं आजही आहेत. त्यांच्या कलेला आपण संस्कृत टोपी का घालायची? म्हणून सध्याचा तह असा: नाव ‘कुरि’, व्याख्या विद्येची. जिथलं ऐकलंय तिथलंच ती सांगू शकेल. उद्याचं सांगणार नाही. किंमत म्हणजे पायपीट. आणि तिच्याकडून कुणालाही शिकता येईल.

या शेवटच्या अटीने आमची गोष्टच बदलली. आधी शेवटच्या पानावर सगळे तिला नमस्कार करत होते. आता एक मुलगी तिची टोपली उचलते आणि विचारते, पुढचं गाव कुठलं?

तेव्हा मंडळी, तुमच्या आवडत्या नायकाच्या शक्तीवर पुन्हा वाद घालाल तेव्हा जरूर घाला. फक्त एवढं बघा, की तुम्ही दिलेलं नाव ऐकून पोर नुसतं बघत बसेल, की शिकायला उठेल.